स्टॅक तपासतं छान, पण काय तपासायचं ते आपणच सांगायचं

ऑनलाइन चाचणीत गणित आलं की बहुतेक ठिकाणी चार पर्याय देऊन मोकळं होतात. त्यात एक गोम आहे. ∫ क्ष·साइन(३क्ष) या इंटिग्रलला चार पर्याय दिले तर हुशार विद्यार्थी इंटिग्रेशन करतच नाही. तो एकेका पर्यायाचं डिफरन्शिएशन करतो आणि मूळ फलनाशी जुळेल त्यावर टिक करतो. समीकरण सोडवा, अवयव पाडा, व्यस्त मॅट्रिक्स काढा, अशा ज्या ज्या कामाची उलट बाजू सोपी असते, तिथे पर्यायी प्रश्न भलतंच कौशल्य तपासून बसतो. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः टंकायचं आणि यंत्राने ते बीजगणित म्हणून तपासायचं, अशी जी मोजकी सॉफ्टवेअर आहेत त्यांत स्टॅक सगळ्यांत काटेकोर आहे. सगळ्यांत सोपं मात्र नाही.

स्टॅक म्हणजे 'सिस्टिम फॉर टीचिंग अँड असेसमेंट युजिंग अ कॉम्प्युटर अल्जिब्रा कर्नल'. क्रिस सँगविन यांनी २००४ च्या सुमारास बर्मिंगहॅम विद्यापीठात त्याची सुरुवात केली. पुढे ते एडिनबरो विद्यापीठात गेले आणि तिथेही काम चालू राहिलं. आज ते प्रामुख्याने मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या सॉफ्टवेअरमधला एक प्रश्नप्रकार म्हणून बसवलं जातं. पोटात मॅक्सिमा ही लिस्प भाषेतली संगणकीय बीजगणित प्रणाली आहे. तिचं मूळ एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'मॅकसिमा' (Macsyma) प्रकल्पात आहे. मूडल, स्टॅक, मॅक्सिमा तिन्ही मुक्त परवान्याची, त्यामुळे लायसन्सचा खर्च शून्य. खर्च होतो तो सर्व्हरवर आणि प्रश्न लिहिणाऱ्याच्या वेळेवर. दुसरा आकडा लोक नेहमी कमी धरतात.

(पुढच्या उदाहरणांत 'क्ष' लिहिलंय ते वाचण्याच्या सोयीसाठी. उत्तराच्या चौकटीत रोमन अक्षरंच टंकायची असतात.)

समान म्हणजे नेमकं काय

स्टॅकची मूळ चाचणी 'अल्जइक्विव्ह'. विद्यार्थ्याच्या उत्तरातून शिक्षकाचं उत्तर वजा करायचं, सोपं रूप द्यायचं, शून्य आलं तर दोन्ही समान. म्हणून क्ष² + ४क्ष + ४, (क्ष + २)² आणि (क्ष + २)(२ + क्ष) तिघांनाही पूर्ण गुण. समीकरणांनाही हीच चाचणी चालते: रेषेचं समीकरण य = २क्ष − ३ असं लिहिलं काय किंवा २य = ४क्ष − ६ असं लिहिलं काय, दोन्ही बरोबर धरली जातात.

सैद्धांतिक मर्यादा एक आहे. साइन, घातांकी फलन, केवल मूल्य यांसारख्या गोष्टी मोकळेपणी मिसळल्या की एखादी राशी शून्य आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवून देईल अशी कोणतीही रीत असू शकत नाही. गणितज्ञ रिचर्डसन यांनी हे १९६८ साली सिद्ध केलं. बहुपदं, परिमेय राशी, नेहमीची त्रिकोणमिती यांत याची झळ लागत नाही. पण एकात एक वर्गमुळं, लॉगची बेरीज-वजाबाकी, केवल मूल्य असं काही आलं की मॅक्सिमा कधी कधी शून्यापर्यंत पोचत नाही आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. अशा प्रश्नात अल्जइक्विव्ह नापास झाल्यावर लगेच एक दुसरी पायरी ठेवावी: दोन्ही राशींत क्षच्या चार-पाच किमती घालून आकडे जुळतात का ते पाहणारी.

वेबवर्क आणि नंबाज ही या क्षेत्रातली दुसरी दोन मोठी नावं. ती मुळातच या आकड्यांच्या मार्गाने जातात. वेबवर्क रॉचेस्टर विद्यापीठातून १९९० च्या दशकात आलं, नंबाज न्यूकॅसल विद्यापीठाचं. दोघंही काही बिंदूंवर किमती काढून ताडून पाहतात. मूळ सेटिंगमध्ये वेबवर्क −२ ते २ मधले बिंदू घेतं, नंबाज ० ते १ मधले. पद्धत वेगवान आहे, पण कक्षा बदलायला विसरलात तर फसगत ठरलेली. ० ते १ मध्ये |क्ष| आणि क्ष यांत काडीचा फरक नाही, त्यामुळे केवल मूल्याचं चिन्ह विसरलेला विद्यार्थीही पास. उलट −२ ते २ मध्ये वर्गमूळ क्ष घेतलं तर अर्ध्या बिंदूंवर किंमतच निघत नाही. स्टॅक चिन्हांच्या पातळीवर विचार करतं, म्हणून हे प्रकार तिथे कमी होतात.

समान आहे, पण काम झालंय का?

नवशिका प्रश्नकर्ता हमखास इथे आपटतो. 'विस्तार करा: (क्ष + २)²' असा प्रश्न लिहिला, तपासायला नुसती अल्जइक्विव्ह लावली, आणि विद्यार्थ्याने चौकटीत (क्ष + २)² हेच परत टंकलं. पूर्ण गुण! यंत्राचा काही दोष नाही, राशी समानच आहेत. 'विस्तारित रूपात असावं' ही अट प्रश्नकर्त्याच्या मनात होती, तपासणीत नव्हती.

त्यासाठी स्टॅकमध्ये रूप तपासणाऱ्या वेगळ्या चाचण्या आहेत. 'एक्सपांडेड' विस्तार पाहते, 'फॅकफॉर्म' अवयव, 'लोएस्टटर्म्स' अपूर्णांकाचं संक्षिप्त रूप, 'पार्टफ्रॅक' आंशिक अपूर्णांक, 'कम्प्लीटेडस्क्वेअर' पूर्ण वर्ग. फॅकफॉर्म बरीच समजूतदार आहे: (१ − क्ष)(२ − क्ष) चालवून घेते, पण (२क्ष − २)(क्ष − २) ला अजून २ बाहेर निघतो म्हणून अडवते. नियम एकच ठेवायचा: आधी समानता, मग रूप, आणि दोन्ही वेगळ्या पायऱ्यांत. समान आहे पण रूप चुकलंय त्याला अर्धे गुण आणि 'अजून अवयव पडतात' असा शेरा. समानच नाही त्याला वेगळा शेरा. दोन्ही एकाच पायरीत कोंबले तर विद्यार्थ्याला नुसतं 'चूक' दिसतं आणि तो बरोबर असलेलं कामही खोडून नव्याने सुरुवात करतो.

समीकरणांतला सापळा आणखी छुपा आहे. '३क्ष = १२ सोडवा, उत्तर क्ष = … अशा रूपात लिहा' असं विचारलं आणि विद्यार्थ्याने ३क्ष = १२ हेच उतरवलं तरी ते मान्य होतं, कारण ३क्ष − १२ आणि क्ष − ४ यांचं गुणोत्तर स्थिर आहे आणि स्टॅकच्या लेखी एवढं पुरे. उपाय फुकटातला आहे: 'क्ष =' हे चौकटीच्या बाहेर छापा, चौकटीत फक्त संख्या घ्या.

आकड्यांच्या उत्तरांत 'नमरिलेटिव्ह' ही चाचणी लावून सहनमर्यादेची (किती फरक चालेल याची) जागा रिकामी सोडली, तर ती ५ टक्के धरली जाते. म्हणजे π च्या जागी ३ लिहिलेलंही खपून जातं. ही जागा कधीही रिकामी सोडू नये. सार्थ अंक मोजायचे असतील तर 'नमसिगफिग्ज' वापरावी, ०.०५० मध्ये दोन सार्थ अंक आहेत हे तिला कळतं.

आणखी एक किचकट जागा म्हणजे मॅक्सिमाची आपणहून सोपं करण्याची सवय. २ + ३ दिसलं की ती ५ करते. शिक्षकाचं उत्तर 'न सोडवलेल्या' रूपात दाखवायचं असेल, किंवा 'इक्वलकॉमअ‍ॅस' ही कडक चाचणी वापरायची असेल (हिच्या दृष्टीने क्ष + य आणि य + क्ष एकच, पण क्ष + क्ष आणि २क्ष वेगळे), तर प्रश्नाच्या चलांमध्ये 'सिम्प' हा पर्याय बंद करावा लागतो. तो बंद ठेवला की पुढची आकडेमोडही तशीच अर्धवट पडून राहते. जिथे हवं तेवढंच मुद्दाम सोपं करून घ्यायचं, बाकीचं राहू द्यायचं.

एक प्रश्न जवळून

∫ क्ष·साइन(३क्ष) चंच घेऊ. बरोबर उत्तर −क्ष·कॉस(३क्ष)/३ + साइन(३क्ष)/९ + क. स्टॅकमध्ये तपासणीचा आराखडा झाडासारखा असतो. त्याला पीआरटी (पोटेन्शियल रिस्पॉन्स ट्री) म्हणतात. प्रत्येक गाठीवर एक चाचणी, आणि पास-नापासनुसार पुढे दोन फांद्या. प्रत्येक फांदीवर गुण ठरवता येतात (थेट द्या, मिळवा, वजा करा), शेरा लिहिता येतो आणि उत्तर कोणत्या फांदीवर गेलं याची एक खूणनोंद ठेवता येते.

पहिल्या गाठीवर 'इंट' ही खास इंटिग्रलसाठीची चाचणी. पास झाली तर पूर्ण गुण. स्थिरांक विसरला असेल तर ही चाचणी नापास करते, पण 'स्थिरांक राहिला, बाकी बरोबर दिसतंय' असा शेराही देते. '+ क' ऐवजी '+ १' लिहिलं तर संख्या नको, अनियत स्थिरांक हवा, हेही सांगते. शेरा मिळतो, गुण मात्र शून्यच. म्हणून दुसऱ्या गाठीवर पुन्हा इंट लावायची, यावेळी 'नोकॉन्स्ट' पर्यायासह. इथे पास झालेल्याला ०.७ किंवा जे धोरण असेल ते. दोन्ही गाठींवर स्वयंचलित शेरे चालू ठेवले तर विद्यार्थ्याला परस्परविरोधी वाक्यं दिसतात, तेव्हा दुसऱ्या गाठीवर 'क्वाएट' चालू करायचं, म्हणजे तिथला स्वयंचलित शेरा बंद होतो. एरवीही मराठीत प्रश्न लिहिणाऱ्याने सरसकट क्वाएट ठेवून शेरे स्वतः लिहिणं बरं. प्रश्न मराठीत आणि स्वयंचलित शेरा दुसऱ्याच भाषेत, असली खिचडी मग होत नाही.

तिसऱ्या गाठीपासून खरी शिकवणी सुरू होते. साइन(३क्ष) चं इंटिग्रल घेताना उणे चिन्ह सुटलं तर संपूर्ण उत्तराचं चिन्ह उलटतं: क्ष·कॉस(३क्ष)/३ − साइन(३क्ष)/९. ३ ने भागण्याऐवजी गुणलं तर −३क्ष·कॉस(३क्ष) + ९साइन(३क्ष). दुसऱ्या टप्प्यातलं चिन्ह हुकलं तर −क्ष·कॉस(३क्ष)/३ − साइन(३क्ष)/९. तिन्ही चुकांना एकेक गाठ, आणि प्रत्येकीला नेमका शेरा: 'साइनचं इंटिग्रल आणि डिफरन्शिएशन यांत गल्लत झाली का ते पाहा', 'आतल्या ३ ने भागायचं की गुणायचं?' अशा धाटणीचा. या गाठींवर इंटला नोकॉन्स्ट द्यायला विसरू नये, नाहीतर चूकही आणि स्थिरांकही राहिलेला विद्यार्थी कोणत्याच जाळ्यात सापडत नाही.

आता ३ च्या जागी यादृच्छिक संख्या घालू, म्हणजे प्रत्येकाला वेगळा प्रश्न. इथे १ कटाक्षाने टाळायचा. १ ने गुणलं काय, भागलं काय, उत्तर तेच. ज्याला रीत येत नाही त्यालाही पूर्ण गुण मिळतात. २, ३, ४, ५ अशी यादी देऊन त्यातून निवड करायला लावणं सगळ्यांत सुरक्षित. 'रँड' ला नुसता ५ दिला तर ० ते ४ मधली संख्या येते, म्हणजे शून्यही येऊ शकतो, आणि मग अख्खा प्रश्नच कोलमडतो. मॅट्रिक्स, द्विघात समीकरणं, आयगेन किमती यांत तर उत्तर आधी ठरवून प्रश्न मागून बांधावा: मुळं निवडा, मग गुणाकार करून समीकरण तयार करा. उलटं करायला गेलात तर कुणाला सुटसुटीत पूर्णांक येतात आणि कुणाला वर्गमुळांचं जंगल.

प्रश्नाची यादृच्छिक रूपं परीक्षेच्या वेळी आपोआप निघू न देता आधीच 'डिप्लॉय' करून, म्हणजे निवडून पक्की करून ठेवायची. प्रत्येक रूपासोबत एक प्रश्ननोंद दिसते. ती वाचून विचित्र रूपं काढून टाकता येतात. त्यासाठी नोंदीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवा, नुसता बदलता आकडा ठेवून भागत नाही.

प्रश्नचाचण्या ही या सॉफ्टवेअरमधली सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि सगळ्यांत मोलाची सोय. बरोबर उत्तर, स्थिरांकाशिवायचं उत्तर, वरच्या तीन चुका, आणि एक निव्वळ बाष्कळ उत्तर, अशी सहा नमुना-उत्तरं भरायची. प्रत्येकाला किती गुण पडायला हवेत आणि झाडाच्या कोणत्या टोकाला पोचायला हवं तेही लिहायचं. मग एका कळीवर सगळ्या रूपांवर सगळ्या चाचण्या धावतात. कुठल्या रूपात दोन चुका एकमेकींवर येतात किंवा चुकीचं उत्तर बरोबर ठरतं, ते विद्यार्थ्यांच्या आधी आपल्याला कळतं.

अनंत बरोबर उत्तरं

ज्या प्रश्नांना एकच उत्तर नाही असे प्रश्न घेता येतात, ही स्टॅकची खरी ताकद. 'क्ष = २ ला स्थानिक शिखर असलेलं एक त्रिघाती बहुपद द्या.' इथे शिक्षकाच्या उत्तराशी तुलना करायचीच नाही, गुणधर्म तपासायचे. पहिली गाठ: घात ३ आहे का? −(क्ष − २)² देणारा इथे अडकतो. दुसरी: २ वर पहिलं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे का? तिसरी: दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण आहे का? (क्ष − २)³ देणारा पहिल्या दोन गाठी पार करून तिसरीवर येतो. त्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य निघतं, आणि त्याला सांगता येतं की स्पर्शिका आडवी आहे खरी, पण आलेख चढतच राहतो. क्ष³/३ − ३क्ष² + ८क्ष निर्धोक पार होतं. असे प्रश्न ऑनलाइन सोडवणाऱ्या साइटवर टाकून सरळ उत्तर मिळवणं अवघड आणि शेजाऱ्याचं उतरवलं तर लगेच दिसतं. हाताने ६० जणांची ६० वेगवेगळी बहुपदं तपासायला कुणी धजावणार नाही. यंत्राला त्याचं काही वाटत नाही.

मागची चूक पुढे नेऊन गुण देणंही जमतं. (अ) मध्ये डेरिव्हेटिव्ह, (ब) मध्ये त्याची क्ष = २ ची किंमत असं असेल तर (ब) तपासताना विद्यार्थ्याने (अ) मध्ये लिहिलेल्या राशीतच २ घालून पाहायचं. पहिल्यांदा चुकला पण पुढची रीत बरोबर, तर (ब) चे गुण त्याला मिळतात. मात्र झाड ज्या ज्या चौकटी वापरतं त्या सगळ्या वैध उत्तरांनी भरलेल्या असल्याशिवाय ते चालत नाही. (अ) रिकामा सोडून (ब) भरणाऱ्याला काहीच मिळणार नाही, हे सूचनेत लिहावं.

खरी डोकेदुखी: टंकणं

तक्रारी येतात त्या गणिताच्या नाहीत, टंकण्याच्या. मूळ सेटिंगमध्ये २क्ष चालत नाही, २*क्ष लागतं. 'इन्सर्ट स्टार्स' चालू केलं की गुणाकाराचं चिन्ह आपोआप घातलं जातं, आणि नवख्या वर्गासाठी ते चालूच करावं. तरीही १/२क्ष म्हणजे स्टॅकच्या मते क्षचा अर्धा, आणि ई^२क्ष म्हणजे ई² गुणिले क्ष. साइन^२(क्ष) लिहिलेलं घेतलं जात नाही, साइन(क्ष)^२ लिहावं लागतं. लहान-मोठ्या लिपीतलं अक्षर हे दोन वेगळे चल धरले जातात, आणि फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो! कोन रेडियनमध्येच, साइन(३०) लिहून ०.५ ची वाट पाहणाऱ्याला −०.९८८ मिळतं.

यावर स्टॅकचं उत्तर म्हणजे पडताळणीची चौकट. विद्यार्थी टंकत असतानाच खाली 'तुमचं उत्तर असं वाचलं गेलं' म्हणून सुबक छापील रूप दिसतं, आणि त्यात सापडलेल्या चलांची यादीही. अवैध उत्तराला गुण कापले जात नाहीत. चुकीच्या वैध उत्तराला पुन:प्रयत्नाच्या पद्धतीत मूळ सेटिंगनुसार दर वेळी ०.१ दंड बसतो. तेच उत्तर पुन्हा दिलं तर दंड नाही. रचना न्याय्य आहे. फक्त विद्यार्थी ते छापील रूप वाचत नाहीत, आणि पडताळणी झाली म्हणजे उत्तर बरोबर आहे असा समज करून घेतात. गुण नसलेली दहा मिनिटांची टंकनचाचणी पहिल्या परीक्षेआधी घेतली तर निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो. तिच्यात कंस, घात, वर्गमूळ, π, अपूर्णांक आणि एक मॅट्रिक्स एवढं असलं की झालं.

प्रश्नकर्त्यानेही आपल्या बाजूने दारं लावून घ्यावीत. अचूक उत्तर हवं असेल तर दशांश संख्या मनाई करा. नाहीतर १/३ च्या जागी ०.३३ लिहिणाऱ्याला नुसतं 'चूक' दिसतं आणि तो गणितातली चूक शोधत बसतो; मनाई असेल तर त्याला पडताळणीतच कळतं. उत्तर संच हवा असेल तर चौकटीत महिरपी कंस नमुना म्हणून आधीच भरून ठेवा. डिफरन्शिएट करायला सांगून 'डिफ' हा शब्द चौकटीत चालू राहू देऊ नका. निषिद्ध शब्दांची यादी त्यासाठीच आहे.

काय जमत नाही

पायऱ्या. स्टॅक अंतिम उत्तर पाहतं; पानभर बरोबर काम करून शेवटी ७ × ८ = ५४ करणारा आणि मुळात काहीच न कळलेला, दोघं त्याच्या दृष्टीने सारखेच, जर त्या चुकीची गाठ तुम्ही लिहिली नसेल तर. ओळीगणिक समतुल्यता तपासणारा एक इनपुट प्रकार आहे. बीजगणितातली सरळ समीकरणं तो ठीक हाताळतो, त्यापुढे त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. सिद्धता तपासणं नाहीच. अलीकडच्या आवृत्त्यांत सिद्धतेच्या विस्कळीत ओळी ओढून क्रमाने लावण्याचा प्रकार आलाय. चांगला आहे, पण सिद्धता लिहिणं वेगळं आणि लावणं वेगळं. भाषिक मॉडेलकडून तपासून घेण्याचा मोह आज सगळ्यांना होतो. तिथे सारख्या उत्तराला दोनदा वेगळे गुण पडू शकतात. स्टॅकमध्ये गुण का कापले हे झाडावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि गुणांवरून वाद झाला की त्याची किंमत कळते.

चालवताना

मॅक्सिमा सर्व्हरवर वेगळी बसवावी लागते. प्रत्येक पडताळणी तिच्याकडे जाते, म्हणजे विद्यार्थी टंकताना थांबला की एक विनंती गेली. शंभर-दीडशे जण एकाच वेळी बसले की कच्ची मांडणी गुडघे टेकते. पहिला उपाय म्हणजे लिनक्सवर मॅक्सिमाची 'इमेज' तयार करणं: स्टॅकच्या फायली आधीच भरलेली प्रत, त्यामुळे दर वेळी सगळं नव्याने लोड होत नाही. हे स्टॅकच्या हेल्थचेक पानावरून करता येतं आणि फरक लगेच जाणवतो. त्याहून मोठ्या संख्येला मॅक्सिमापूल किंवा गोमॅक्सिमा लावून हे काम वेगळ्या मशीनवर न्यावं. कॅशे, म्हणजे आधी केलेल्या हिशेबांचा साठाही मदतीला असतो: तेच रूप, तेच उत्तर पुन्हा आलं तर हिशेब नव्याने होत नाही. म्हणून रूपं २०-३० पुरेत. ५०० डिप्लॉय केली तर कॅशेचा उपयोग संपतो आणि नक्कल रोखण्यात फारशी भर पडत नाही.

परीक्षा झाल्यावर प्रतिसादांचा अहवाल उघडून खूणनोंदी पाहाव्यात. झाडाच्या शेवटच्या 'बाकी सगळे' टोकाला ढीग साचला असेल तर त्यात एखादी समान चूक दडलेली असते. तिच्यासाठी नवी गाठ घाला, गरज असेल तर रीग्रेड, म्हणजे फेरतपासणी चालवा. प्रश्न पहिल्याच खेपेला पूर्ण होतो अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या तुकडीनंतर तो मुरतो. रीग्रेड करण्यापूर्वी एक पथ्य पाळा: झाड हवं तसं बदला, पण यादृच्छिक संख्या निवडणाऱ्या ओळींना हात लावू नका. त्या बदलल्या की त्याच बीजातून (यादृच्छिक निवड ज्या संख्येवरून होते तिच्यातून) वेगळे आकडे निघतात, आणि विद्यार्थ्याने सोडवलेला प्रश्न एक, तपासला जातो दुसराच. तसा बदल करायचाच असेल तर प्रश्नाची प्रत काढून तिच्यात करावा.

मॅक्सिमाची किंवा स्टॅकची आवृत्ती चढवली की राशी सोप्या करण्याच्या रीतीत बारीकसारीक फरक पडू शकतात. कालपर्यंत शून्य होणारी वजाबाकी आज तशीच लटकून राहू शकते. आवृत्ती चढवण्याचं काम सत्राच्या मधोमध काढू नये. चढवल्यावर संपूर्ण प्रश्नसंचावर सामूहिक चाचणी चालवावी, लाल दिसतील ते प्रश्न दुरुस्त करावेत, आणि मगच चाचणी विद्यार्थ्यांसाठी खुली करावी. ज्या प्रश्नांना प्रश्नचाचण्याच लिहिलेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल ही सामूहिक चाचणी काहीही सांगू शकत नाही.